चौसष्ट घरांचा चेहरा

लहान चित्रात पंधरा माणसे होती आणि मोठ्या चित्रात चौदा.

ही तफावत बाईंच्या धाकट्या मुलाच्या लक्षात आली ती सकाळी नऊच्या सुमारास, आणि ती आईला सांगावी की गिळून टाकावी या विचारात तो चहा पार गार होईपर्यंत बसून राहिला. गिरणीच्या नव्या कार्यालयात जुन्या खातेप्रमुखांच्या तसबिरी लावायच्या होत्या. बाईंचा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो असल्यास पाठवावा, असा तिथून निरोप आला होता. मुलाने कपाटातली बारा वर्षांपूर्वीची सीडी शोधून काढली, फडक्याने पुसली आणि कॉम्प्युटरमध्ये घातली. पडद्यावर आधी टपालाच्या तिकिटाएवढे चित्र उमटले: नक्षीखात्याची लांबच लांब खोली, उजव्या-डाव्या टोकांपर्यंत गेलेली खिडक्यांची रांग आणि तिच्यासमोर उभी असलेली माणसांची ओळ. त्या तिकिटावर टिचकी मारली की मोठे चित्र उघडे. त्यात खोली तीच होती, माणसेही तीच. पण डावीकडची शेवटची खिडकी नाहीशी झाली होती आणि त्या खिडकीसमोर उभी असलेली त्याची बहीणही.

"आई, जरा इकडे ये," तो शेवटी म्हणाला. "यात ताई आहे."

बाई उठल्या. वय चौऱ्याहत्तर, पण उठताना खुर्चीच्या हाताचा आधार घेणे त्यांना अजून मान्य नव्हते. गिरणीच्या नक्षीखात्यात त्यांनी छत्तीस वर्षे काढली होती, त्यातली एकोणीस खातेप्रमुख म्हणून. पडद्यांच्या आणि गाद्यांच्या खोळींच्या कापडावर जी पाने, फुले, वेली उतरत, ती आधी त्यांच्या नजरेखाली चौकड्यांच्या कागदावर एकेक घर भरून तयार होत. मागाला पान कळत नाही आणि फूलही कळत नाही. घर भरलेले आहे की रिकामे, एवढेच त्याला कळते. या कामाने बाईंची नजर अशी घडली होती की, भिंतीवरून पाल गेली तरी ती किती घरे चालली हे त्यांनी बिनचूक सांगितले असते. गिरणीत त्यांना सगळे बाई म्हणत, मॅनेजरसुद्धा. शेजारपाजारही बाईच म्हणे. आई म्हणणारा आता एकटा धाकटाच उरला होता.

त्यांनी चष्मा लावला, वाकल्या, तिकिटाएवढे चित्र पाहिले.

"मोठं कर."

मुलाने केले. थोरली लेक पडद्यावरून गेली.

"लहान कर."

थोरली परत आली. असे पाच-सहा वेळा झाले. शेवटी बाईंनी हात वर करून मुलाला थांबवले, आणि तो वर केलेला हात खाली आणायचे त्यांना बराच वेळ सुचले नाही.

फोटो कापायला बाईंनीच सांगितले होते. घरात हे सर्वांना ठाऊक होते आणि कोणी त्याचा उच्चार करीत नव्हते.

थोरली त्यांच्याच हाताखाली तयार झाली. शिक्षण संपताच ती नक्षीखात्यात आली, आणि बाईंनी पहिल्याच दिवशी तिला बजावले की, घरी आई, इथे बाई. अकरा वर्षांत ती एकदाही चुकली नाही. तिचा हात आपल्यापेक्षा सरस आहे, हे बाईंना पहिल्या वर्षातच कळून चुकले होते. परंतु ते त्यांनी कधी तोंडावाटे काढले नाही. खुद्द बाईंचा दरारा होता तो नक्षीतला फापटपसारा काढून टाकण्यासाठी. दोन हातांवरून जे दिसत नाही ते कापडात कशाला, असा त्यांचा नेम होता. पडदा काही कोणी नाकाला लावून बघत नाही. थोरलीने एकदा एक पान काढले, शिरांना शिरा फुटलेले, केसाएवढ्या बारीक रेघांचे. बाईंनी पेन्सिल घेतली आणि खुणा करकरून त्या सगळ्या शिरा गाळायला लावल्या. खिडकीपाशी बसणाऱ्याला दिसतील, एवढेच थोरली म्हणाली. पान शिरांवाचून विणले गेले आणि चांगले खपलेही.

बाई निवृत्त झाल्या, त्यानंतर चौथ्या दिवशी थोरलीने राजीनामा दिला आणि ती दुसऱ्या एका गिरणीत गेली. तीन महिन्यांनी त्या गिरणीचे नवे कापड दुकानांत आले. त्यावर तेच पान होते, सगळ्या शिरांसकट. बाईंनी ते कापड हातात घेतले, उजेडाला धरले, नीट घडी घालून परत ठेवले. आणि घरी येऊन, कोणी मागितले नसताना, आपल्या जुन्या गिरणीला स्वहस्ते लिहून दिले की, हे पान आमच्या खात्यात, आमच्या कागदावर, कामाच्या वेळात काढलेले आहे. पत्रातला शब्द न् शब्द खरा होता. त्या पत्राने थोरलीची नवी नोकरी गेली. पुढे कोणतीही गिरणी तिला नक्षीच्या टेबलापाशी बसू देईना. दूरच्या एका गावी शाळेत चित्रकला शिकवत तिने पाच वर्षे काढली आणि सहाव्या वर्षी लहानशा वाटणाऱ्या आजारपणात ती तिथेच गेली. धाकटा तिच्याकडे जाऊन-येऊन असे. बाई कधी गेल्या नाहीत. शेवटी निघाल्या, तेव्हा पोचायला चार तासांचा उशीर झाला.

या सगळ्या वर्षांत बाईंनी एकच वाक्य धरून ठेवले होते. कोणी विषय काढला की, कलत्या भिंतीला टेकू द्यावा तसे त्या ते वाक्य लावून देत: तिने मला सांगितलं नाही. जायचं होतं तर जायचं, मी काही हात धरून बसवलं नसतं. पण चोरासारखी गेली, तोंडदेखलंसुद्धा सांगितलं नाही.

फोटो कापण्याची कथा या वाक्याच्याच पोटातली. निवृत्तीच्या दिवशीचा तो फोटो दिवाणखान्यात लावण्यासाठी मोठा करून घ्यायचा होता, आणि चोराला भिंतीवर जागा नाही असे बाईंनी ठरवले होते. थोरली टोकाला उभी असल्याने काम सोपे होते. फोटोवाल्याच्या मागे उभे राहून त्यांनी डावी कड कापवून घेतली, फोटो त्याच नावाने परत साठवायला लावला, कॅमेऱ्याचे कार्ड पुसायला लावले. मूळ राहता कामा नये, असे त्यांचे शब्द होते. फोटोवाला तेव्हा माऊस हलवता हलवता सहज बोलून गेला होता की, नाहीतरी या ताई कॅमेऱ्याकडे बघतच नव्हत्या, तुमच्याकडे बघत होत्या. गिऱ्हाइकाला गोड वाटेल ते बोलायचे, हा त्याचा स्वभावच. म्हणून बाईंनी ते ऐकले न ऐकलेसे केले.

पण एक गोष्ट त्यांना विसरता आली नव्हती. त्या दिवशी ओळ लावली जात असताना थोरली जवळ आली होती आणि हळूच म्हणाली होती, "आई, दोन मिनिटं बोलायचं होतं."

भर खात्यात, चारचौघांत, आई. बाईंनी मान न वळवता तिला सांगितले की, इथे बाई म्हणायचं, आणि जा, जागेवर उभी राहा. ती गेली आणि ओळीच्या टोकाला उभी राहिली. मग फोटो झाला, भाषणे झाली, निरोप झाले. ती दोन मिनिटे कुठे सापडली नाहीत. चहाच्या कपांविषयी काहीतरी विचारायचे असेल, अशी बाईंनी पुढे स्वतःची समजूत घातली आणि ती बारा वर्षे टिकवली.

आता पडद्यावर तिकिटाएवढ्या चित्रात थोरली उभी होती, आणि बाईंची सारी समजूत त्या तिकिटात अडकली होती. ती त्या क्षणी खरोखरच आपल्याकडे बघत असेल, तर ती दोन मिनिटे कपांची नव्हती. ती सांगायला आली होती आणि झिडकारल्यावरही वाट बघत उभी होती. बघत नसेल, तर बाईंचे वाक्य खरे होते. थोरलीचे फोटो घरात कमी नव्हते, लहानपणापासूनचे पेटीभर होते, आणि तिचा चेहरा काही बाई विसरल्या नव्हत्या. त्यांना हवी होती ती त्या एका क्षणाची नजर.

"कपडे बदल," त्या मुलाला म्हणाल्या. "फोटोवाल्याकडे जायचंय."

फोटोवाल्याचे दुकान गिरणीच्या मागच्या गल्लीत होते. पूर्वी तिथे लग्नाच्या जोडप्यांची रांग लागे. आता ओळखपत्रांचे फोटो आणि कपांवर नातवंडांचे चेहरे छापून देणे, एवढ्यावर त्याचे चालले होते. सारे त्याला हसाकाका म्हणत, कारण बटण दाबण्यापूर्वी तो प्रत्येकाला हसा म्हणे. बाईंना पाहताच तो स्टुलावरून उठला आणि म्हणाला की, चाळीस वर्षांत माझं न ऐकलेलं गिऱ्हाईक एकच, आणि ते आज आपल्या पायांनी आलंय. बाईंनी त्याला काम बघायला सांगितले.

त्याने काम बघितले. पंधरा आणि चौदा, दोन्ही मोजले. मग कपाळाला हात लावला.

त्याने जे सांगितले ते असे. कॅमेरा जी फाइल लिहितो, तिला जेपेग म्हणतात. तिच्या पोटात चित्र असते. पण चित्राच्या आधी, पुस्तकाच्या पहिल्या पानावर असावी तशी, बरीच माहिती असते: कोणत्या दिवशी काढले, किती वाजता, कोणत्या कॅमेऱ्याने. त्याच पानावर कॅमेरा चित्राची एक चिमुकली प्रत चिकटवून ठेवतो, पाठीमागच्या छोट्या पडद्यावर झटकन दाखवता यावी म्हणून. बारा वर्षांपूर्वी त्याने कापाकापी केली ती आतल्या चित्राची. त्याच्याकडचे तेव्हाचे सॉफ्टवेअर जुने. त्याने पहिले पान जसेच्या तसे उचलून नव्या फाइलीला लावून दिले. मी आत कापलं आणि दारावरची पाटी तशीच राहिली, असे म्हणून तो खजील झाला. दोष आपला आहे, असे त्याला वाटत होते.

बाईंच्या मनात मात्र आशा उभी राहिली होती. चित्र लहान असले म्हणून काय झाले? वीतभर नमुन्यावरून त्यांनी खोलीभर पडदे विणवले होते. नमुन्याची घरे मोजायची, मोठ्या कागदावर उतरायची. घर हरवत नाही तोवर नक्षी हरवत नाही. हेच त्यांनी फोटोवाल्याला ऐकवले आणि कामाला लागायला सांगितले.

"बाई, हा तुमचा कागद नव्हे," तो म्हणाला. "यात घरं लिहिलेलीच नसतात."

मग ओळखपत्राच्या पाकिटाच्या पाठीवर त्याने रेघा ओढल्या. प्रत्येक ठिपका लिहायचा म्हटला तर फाइल फुगते, म्हणून जेपेग चित्राचे तुकडे करतो, आठ घरे आडवी आणि आठ उभी. आठ हा आकडा ऐकून बाईंचा चेहरा थोडा सैलावला. त्यांच्या कागदावरही दर आठ घरांनी जाड रेघ असे. पण पुढचा प्रकार निराळा होता. त्या तुकड्यातल्या चौसष्ट घरांचे चौसष्ट आकडे जेपेग ठेवत नाही. तो आधी त्यांचा मिळून सरासरी उजेड किती ते लिहितो. मग लिहितो, उजेड डावीकडून उजवीकडे किती चढला, वरून खाली किती उतरला. मग त्याहून बारीक लाटा, मग त्याहून बारीक. आणि सगळे लिहून झाले की तो त्यांवरून चाळणी फिरवतो. मोठे चढउतार जपून ठेवतो. बारीक लाटांना शून्य करून टाकतो. शून्यांना जागा लागत नाही, आणि बघणाऱ्याला काही गेल्याचे कळतही नाही.

"म्हणजे दोन हातांवरून जे दिसत नाही, ते टाकायचं," बाई म्हणाल्या.

"अगदी तेच. माणसाचा डोळा कशाकशाकडे काणाडोळा करतो, ते कोणीतरी बसून मोजलं असणार, बघा."

धाकट्याने आईकडे पाहिले आणि लगेच नजर काढून घेतली. दुकानात छपाईचे यंत्र कुणाच्या तरी नातवाचा चेहरा कपावर भाजत होते.

फोटोवाल्याने लहान चित्र पडद्यावर ताणले. माणसे वितळून त्यांची चौकोनी ढेकळे झाली. खोली फार लांबून टिपलेली, त्यात चित्र तिकिटाएवढे. एकेक डोके जेमतेम आठ घरांचे. थोरलीचे डोके योगायोगाने बरोबर एका तुकड्यात बसले होते, जणू तो तुकडा तिच्या मापाने बेतला होता. तिने त्या दिवशी मोहरीच्या रंगाचा स्वेटर घातला होता, हे बाईंना पक्के आठवत होते; चित्रात तो खिडकीच्या पडद्याच्या करड्या रंगात मिसळून चिखलासारखा दिसत होता. रंगाच्या बाबतीत जेपेग आणखी निष्काळजी असतो, असे फोटोवाल्याने सांगितले. उजेड-अंधारात डोळा फसत नाही, रंगात सहज फसतो, म्हणून रंगासाठी तो सोळा-सोळा घरांचा मिळून एक तुकडा करतो. शेजारपाजारचे रंग एकमेकांत उतरतात.

त्याने कॉम्प्युटरच्या पडद्यावर आणखी एक खिडकी उघडली. कोणत्या तुकड्यात काय लिहिले आहे ते त्यात दिसत होते. थोरलीच्या तुकड्यात तीन आकडे होते आणि एकसष्ट शून्ये.

"पहिला सरासरीचा," तो बोट ठेवत म्हणाला. "हा दुसरा, डावीकडून उजवीकडे. मोठा आहे. म्हणजे डावी बाजू काळी, उजवी उजळ. केस डावीकडे, चेहरा उजवीकडे. तिसरा वरून खाली, तो किरकोळ आहे."

बाईंनी दुसऱ्या डोक्यांकडे बोट केले. त्याने एकेक तुकडा उघडून दाखवला. ती डोकी जिथे जिथे तुकड्यात धड बसली होती, तिथे उजेड मधोमध आणि दोन्ही कडांना काळोख, कारण ती माणसे समोर बघत होती. खुद्द बाईही त्यांतच; हनुवटी वर, नजर थेट कॅमेऱ्यावर. पंधरा जणांत एकच डोके असे होते की, ज्याचा सगळा उजेड एका बाजूला सरकला होता, आणि त्या बाजूला, सहा माणसे सोडून, बाई उभ्या होत्या.

"म्हणजे वळली होती," बाई म्हणाल्या.

"वळल्या होत्या. मी तेव्हाच म्हणालो होतो तुम्हाला."

"कशी बघत होती?"

चाळीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच फोटोवाल्याला गोड बोलता आले नाही.

"ते यात नाही, बाई."

"मोठ्यात होतं?"

"मोठ्यात सगळं होतं," तो म्हणाला. "मोठ्यात पापणीसुद्धा होती."

बाईंनी मान हलवली. हिशोब चोख लागला की खात्यात त्या अशीच मान हलवत. यंत्राने टाकले ते थोडेच होते. पापणी टाकायला त्या स्वतः इथे याच जागी, याच स्टुलामागे, उभ्या राहिल्या होत्या.

धाकट्याला आईचा चेहरा पाहवेना. त्याने फोटोवाल्याला विचारले की, आजकाल म्हणे चेहरे पुरे करून देणारी यंत्रे निघाली आहेत, त्यांचा काही उपयोग होईल का. फोटोवाल्याने होकार दिला. हजारो चेहरे बघून ती यंत्रे तयार झालेली असतात. एवढ्याशा तुकड्यावरूनसुद्धा ती नाक, डोळे, ओठ बसवून देतात, आणि असे बसवतात की ते बसवलेले आहेत हे ओळखू येऊ नये. लोक हल्ली त्यासाठीच येतात.

"डोळे कोणाचे असतात ते?" बाईंनी विचारले.

"असतात कोणाचे तरी."

"तिचे नव्हेत."

"तिचे नव्हेत," त्याने कबूल केले.

करून घेऊ या, आई, निदान चेहरा तरी येईल, असे धाकटा काकुळतीने म्हणत राहिला. बाईंनी त्याच्याकडे लक्ष दिले नाही. त्यांनी पिशवीतून वही आणि पेन्सिल काढली आणि फोटोवाल्याला त्या तुकड्यातल्या चौसष्ट घरांचा उजेड एकेक करून वाचायला सांगितला. शून्य म्हणजे मिट्ट काळे आणि दोनशे पंचावन्न म्हणजे पांढरेशुभ्र, एवढे त्याने समजावले आणि तो वाचू लागला. बाई लिहू लागल्या. आठ ओळी, प्रत्येक ओळीत आठ आकडे. तो एकदा घाईत अडखळला, तेव्हा त्यांनी त्याला ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावली.

घरी येऊन त्यांनी चौकड्यांच्या कागदाचा मोठा ताव टेबलावर पसरला आणि चारही कोपऱ्यांवर वजने ठेवली. चित्रातल्या एका घरासाठी कागदावरचा एक पुरा ठोकळा घ्यायचा, म्हणजे बारीक घरे पुन्हा चौसष्ट. आकड्याला चाराने भागायचे, तितकी घरे रिकामी सोडायची आणि उरलेली भरायची. छटा विणण्याची हीच रीत. कापडातसुद्धा करडा रंग असा काळ्या-पांढऱ्या धाग्यांच्या प्रमाणातूनच येतो. थोरलीला ही रीत त्यांनी याच टेबलावर शिकवली होती. भरलेली घरे एका ठिकाणी गोळा होऊ द्यायची नाहीत, धान्य पेरावे तशी विखरून भरायची, ही त्यातली खुबी थोरली मात्र न शिकवताच शिकली होती.

तीन दिवस लागले. बाई सकाळी आंघोळ आटोपून टेबलापाशी बसत आणि उजेड कमी झाला की उठत. धाकटा कामावर जाताना बघे, तेव्हा त्या डाव्या बाजूच्या काळ्या ठोकळ्यांत असत. परत येई, तेव्हा एखादा हात उजवीकडे सरकलेल्या दिसत. पूर्वी असा ताव दोघी मिळून भरीत, एक डावीकडून आणि एक उजवीकडून, आणि मधल्या रेघेवर कोण आधी पोचते याची त्यांच्यात मुकाट चुरस चाले. आता मधली रेघ आली आणि गेली. चौथ्या दिवशी दुपारी, सुट्टी असल्याने धाकटा घरीच होता, तेव्हा त्यांनी त्याला हाताशी घेऊन कागद भिंतीवर टाचला आणि त्या दारापर्यंत मागे गेल्या.

जवळून नुसती घरे होती. दारातून पाहिले, तर एक डोके होते. केसांचा काळोख मागे, आणि समोरचा सगळा उजेड उजवीकडे वळलेला. चेहऱ्याच्या जागी तो उजेडच होता. त्यात नाक नव्हते, डोळा नव्हता. पण वळणे स्पष्ट होते. त्याबद्दल कोणालाही शंका येऊ शकली नसती.

बाई तशाच भिंतीपाशी परत आल्या आणि त्यांनी कानामागची पेन्सिल काढली. डोळा कुठे असायला हवा, हे त्यांना नेमके ठाऊक होते. वरून चौथी ओळ, डावीकडून सहावा ठोकळा. त्यात दोन घरे जास्त भरली की नजर तयार होणार होती. एक घर वर घेतले तर ती रागाची होईल, खाली घेतले तर थकलेली. त्यांनी बरोबर मधली दोन घरे भरली, अगदी दोनच, आणि दारात जाऊन पाहिले.

थोरली त्यांच्याकडे मायेने बघत होती.

बाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. धाकट्यालाही ते दिसले असावे, कारण तो हातातले वर्तमानपत्र खाली ठेवून पुढे आला. मग बाई भिंतीपाशी गेल्या, खोडरबर घेतले आणि ती दोन घरे पुसून टाकली. पुसलेल्या जागी कागद किंचित खरवडला गेला, तो त्यांनी अंगठ्याच्या नखाने घासून सारखा केला.

"राहू द्यायचं होतंस, आई," धाकटा म्हणाला. "छान दिसत होती."

"माझ्या हाताने मला हवं तेच निघतं." त्या त्याच्याकडे वळल्या नाहीत. "सांगितलं नाही, सांगितलं नाही, असं मी बारा वर्षं म्हणत आले. ती सांगायला आली होती. मी तिला जागेवर जाऊन उभी राहा म्हणाले."

धाकट्याला हे नवे होते. ताईने त्याला ते कधी सांगितले नव्हते. त्या दूरच्या गावी, तिच्या खोलीत, दोघे कितीतरी संध्याकाळी समोरासमोर बसले होते, आणि आईविषयी बोलणे निघाले की ती फक्त विचारायची, गुडघे दुखतात का अजून. तेही त्याने आईला कधी सांगितले नव्हते, कारण घरात ताईचे नाव निघत नसे. आता ते सांगावे असे त्याच्या मनात आले, त्याने तोंडही उघडले, पण बाई टेबलापाशी गेल्या होत्या आणि खुर्चीची पाठ धरून ती ओढू लागल्या होत्या. तो मदतीला धावला. त्यांनी त्याला हाताने बाजूला केले.

खुर्ची त्यांनी दारात नेली नाही आणि कागदासमोरही नेली नाही. भिंतीला लागूनच, कागदाच्या उजव्या अंगाला, ज्या बाजूला ते डोके वळले होते त्या बाजूला, त्यांनी ती मांडली.

"तिथून कागद दिसणार नाही, आई."

"तिला मी दिसेन," बाई म्हणाल्या. त्या बसल्या, आणि मान तिच्याकडे वळवून बसल्या.